तिनाचं शून्य

"काका, आता रजिस्ट्री उघडा," पुतण्या पुण्याहून फोनवर म्हणाला, आणि मी उठून लोखंडी कपाट उघडलं.

यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. आमच्या कुडव्यात रजिस्ट्री हा शब्द एकाच अर्थाने चालतो. प्लॉट पाहिला, सौदा ठरला, इसार दिला, दोन साक्षीदार एका स्कूटरवर बसवून गोंदियाला नेले, सह्या-अंगठे झाले, की 'रजिस्ट्री लागली'. मग ती रजिस्ट्री प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी साडीच्या घडीत, साडी कपाटाच्या आतल्या खणात आणि खणाची किल्ली सौभाग्यवतींच्या कमरेला. तेव्हा फोन खांद्यात धरून मी किल्ली मिळवली, साडी उलगडली, पिशवी सोडली, चष्मा लावला आणि म्हणालो, "हं, उघडली. चतुःसीमा वाचू? पूर्वेस नाली, पश्चिमेस..."

तिकडे इतकी शांतता पसरली की फोन कटला असं वाटलं. मग पुतण्या अत्यंत मायेने म्हणाला, "काका, कॉम्प्युटरची."

कॉम्प्युटरलाही रजिस्ट्री असते हे मला वयाच्या 65 व्या वर्षी, 2018 च्या जून महिन्यात कळलं, आणि कळलं त्या दिवसापासून मी तिच्याविरुद्ध आहे. तिच्याविरुद्ध, आणि तिच्यापेक्षाही जास्त, ती न उघडताच 'फॉर्मेट मारा' म्हणणाऱ्या तमाम मंडळींविरुद्ध. आज त्या दोघांचीही हजेरी घ्यायचा विचार आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी सरळ पुढच्या लेखाकडे वळायला माझी हरकत नाही.

माझा या विषयात अधिकार काय, असं कुणी विचारील. अधिकार असा की मी एका सरकारी कचेरीत 36 वर्षं रजिस्टरं लिहिली. आवक, जावक, हजेरी, डेडस्टॉक, सगळी. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कोणतं रजिस्टर भंडाऱ्याला राहील आणि कोणतं गोंदियाला येईल या वाटणीत मी तीन महिने धूळ खाल्ली आहे. भावाभावांची वाटणी त्यापेक्षा सोपी. तिथे निदान भांडायला दोघंच असतात. त्यामुळे कॉम्प्युटर मला कळत नसला तरी रजिस्टर मला कळतं. चांगलं कोणतं, गचाळ कोणतं, आणि लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, हे मी कागदाच्या वासावरून सांगतो.

तर झालं असं. 2011 साली निवृत्त झालो आणि फंडाच्या पैशातून तीन गोष्टी केल्या. छतावर टाकी बसवली, सौ.च्या गुडघ्यांचा इलाज केला आणि कॉम्प्युटर घेतला. टाकी दोन वर्षांत गळू लागली, गुडघे तीन वर्षांत पूर्वपदावर आले. कॉम्प्युटर मात्र सात वर्षं बिनतक्रार चालला. त्यात मी काय करायचो? धानाचा हिशेब, पत्ते आणि अधूनमधून टपाल. पण त्यात एक वस्तू अशी होती की जिच्यापुढे बाकीचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा.

2012 च्या हिवाळ्यात पुतणीने माईक आणला आणि आमच्या आईला जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसवलं. आई तेव्हा 84 वर्षांची. ती म्हणाली, जात्याबिगर ओवी येतच नाही, तोंड कोरडं पडतं. मग परसातलं जातं, ज्यावर आम्ही तुळशीची कुंडी ठेवली होती, ते धुऊन घरात आणलं. मूठभर तांदूळ टाकले आणि आई सुरू झाली. चाळीस मिनिटं. मागे जात्याची घरघर, मधेच तिचं "जरा थांब वं" आणि पुन्हा ओवी. 2014 साली आई गेली. त्या चाळीस मिनिटांची फाईल कॉम्प्युटरच्या पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात होती. फाईलचं नाव 'आई'. मी ती वर्षातून एकदाच लावत असे. पण ती तिथे आहे हे रोज पाहत असे.

आता माझा गुन्हा. जून लागला की आमच्याकडे आभाळ असं कडाडतं की टीव्ही, फ्रिज आणि जावई, सगळे एकदम दचकतात. विजेने कॉम्प्युटर जळू नये म्हणून मी रोज काम झालं की बोर्डावरचं बटण बंद करून प्लगही उपटून ठेवायचो. मला वाटायचं, किती जपतो मी! पुढे कळलं की कॉम्प्युटरच्या पोटात एक चपटा सेल असतो, रुपयाच्या नाण्याएवढा, 'सीआर 2032' नावाचा. मशीनचं घड्याळ आणि सुरुवातीच्या मांडणीची आठवण तो सांभाळतो. प्लग लावलेला असला तर त्याला आराम मिळतो. उपटला की रात्रभर पहारा त्याच्या एकट्याच्या माथी. मी जपून जपून त्या बिचाऱ्याचा जीव घेतला.

त्याने आधी सूचना दिली नाही असं नाही. पंधरा दिवस रोज सकाळी कॉम्प्युटर 2009 सालची तारीख दाखवत होता. मला त्यात वावगं काही वाटलं नाही; उलट बरं वाटलं. नोकरीची दोन वर्षं बाकी, आई आतल्या खोलीत, गुडघे धड. अशी तारीख कोण दुरुस्त करतो? मग एका सकाळी बटण दाबलं, खिडकीचं चित्र फुलायला लागलं, आणि धप्पकन निळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत काहीतरी इंग्रजी, की पुन्हा सुरू, पुन्हा निळा. शेजारच्या मुलाने चपळाईने त्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढला. त्यात लिहिलं होतं, थांबा, आणि पुढे शून्यांची रांग लावून शेवटी '7बी'. जन्मभर सातबारा ऐकला. हा सात-बी मी पहिल्यांदाच पाहिला.

ऑटोत घालून मशीन बाजारात नेलं. दुकानाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण नंतर मी आणखी दोन दुकानांत गेलो आणि तिन्हीकडे एकच मंत्र ऐकला. गोंदियाच्या बाजारात निम्मा व्यवहार हिंदीत चालतो, तेव्हा मंत्रही हिंदीत. "अंकल, विंडो उड गया. फॉर्मेट मारना पडेगा."

"आणि आतलं?"

"सी जाएगा, डी बचेगा."

किती छान वाक्य! वाटलं, घरातला धाकटा वाचणार म्हणतो आहे, थोरल्याचं मनावर घ्यायला नको. मी जवळजवळ 'मारा' म्हणालोच होतो. तेवढ्यात सौ.नी विचारलं, "अहो, आईच्या ओव्या सीमध्ये आहेत की डीमध्ये?"

मी म्हणालो, त्या दोन्हीतही नाहीत, त्या पडद्यावर आहेत. दुकानातला पोरगा स्क्रू पिळत होता, तो काही बोलला नाही. पुतण्याला फोन लावला तेव्हा कळलं की पडद्यावर दिसतं ते सगळं 'सी'मध्येच राहतं. पडदा म्हणजे 'सी'चीच ओसरी. डेस्कटॉपवर ठेवलेलं, माय डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेलं, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी माणसं जिथे सगळं ठेवतात तेवढंच नेमकं फॉर्मेटमध्ये जातं. आणि डीमध्ये वाचतं काय, तर कॉम्प्युटर घेतला त्या दिवशी दुकानदाराने फुकट भरून दिलेली सिनेमाची गाणी.

मी मशीन उचललं, ऑटोत मांडीवर घेतलं आणि कुडव्याला परत आणलं. वाटेत ऑटोवाला म्हणाला, "काय झालं जी? फॉर्मेट मारून घ्याचं ना!" त्यालाही ठाऊक!

वाचकहो, माझं भांडण इथे सुरू होतं. ही फॉर्मेट मारायची चटक आपल्याला लागली कुठून? कुणाकडेही जा, कसलंही दुखणं सांगा, औषध एकच. मशीन हळू चालतं? फॉर्मेट. आवाज येत नाही? फॉर्मेट. आमच्या शेजारी एका राईस मिलचे मुनीमजी राहतात, ते तर दर दिवाळीला फॉर्मेट मारतात, जसा भिंतीला चुना. मी म्हणतो, माझ्या कचेरीत एखादी फाईल सापडली नाही तर मी काय रेकॉर्डरूमला काडी लावायची आणि साहेबांना सांगायचं, की सर, आता सगळं एकदम स्वच्छ आहे? मला तर चार्जशीट मिळाली असती. आणि इथे रेकॉर्डरूम जाळणारा वर पाचशे रुपये मागतो!

त्या पोराची बाजूही मी ऐकून घेतली. तो म्हणाला, अंकल, एकेका मशीनमध्ये दुखणं शोधत बसलो तर दिवसाला दोन होतात. फॉर्मेट मारली तर दहा. बरोबर आहे. दुकानाचं भाडं त्याला भरायचं आहे, ओव्या माझ्या आईच्या आहेत. पण मग पाटीवर 'रिपेअरिंग' काऊन लिहिता बापा? 'सफाई' लिहा. माणूस निदान आतल्या वस्तू काढून घेईल.

आणि त्याहून संतापाची गोष्ट म्हणजे, उडालं काहीही नव्हतं. डिस्क शाबूत, विंडोज शाबूत, आईचा आवाज शाबूत. एका वहीत एक आकडा शून्य हवा होता, तो तीन होता. एवढंच. हे मला पुतण्याने फोनवर दोन तास समजावलं आणि ते मी माझ्या भाषेत तुम्हाला सांगतो.

आमच्या गोंदियाला पूर्वी दोन लायनी होत्या. मुंबई-हावडा मोठी लाईन, रुळांतलं अंतर 5 फूट 6 इंच. आणि बालाघाटवरून जबलपूरला जाणारी छोटी लाईन, अंतर 2 फूट 6 इंच. आता सगळीच मोठी झाली. पण तेव्हा छोट्या गाडीतून आलेलं पोतं मोठ्या गाडीत घालायचं तर हमालाच्या पाठीवरूनच. पोतं तेच, तांदूळ तोच, पण डबा बदलला की हमाल लागतो. कॉम्प्युटरच्या डिस्कशी बोलायच्याही अशाच दोन लायनी. एक जुनी, तिला आयडीई म्हणतात. दुसरी नवी, एएचसीआय. तिचे नियम इंटेलने 2004 साली छापून काढले. नव्या लायनीवर डिस्कला 32 कामं एकदम सांगून ठेवता येतात आणि ती आपल्या सोयीने क्रम लावते, जशी हुशार सून लावते. दोन्ही लायनींचे हमाल वेगवेगळे. या हमालाला ड्रायव्हर म्हणतात.

2011 साली ज्याने माझं मशीन जोडलं, त्याने ते जुन्या लायनीवर टाकलं. का? सवय! विंडोज एक्सपी 2001 सालची, तिच्या सीडीत नव्या लायनीचा हमालच नव्हता. तो हवा तर सुरुवातीला एफ-6 दाबायचं आणि वेगळ्या फ्लॉपीवरून तो चढवायचा. फ्लॉपी कुठून आणायची? म्हणून तमाम जोडारी मशीन हातात आलं की आधी आयडीई करून टाकत. माझ्या मशीनमध्ये विंडोज 7 पडली, तिच्यात नवा हमाल घरचाच होता, पण हात सवयीने जुन्या बटणावर गेला. यात मी त्याला दोष देत नाही. मीसुद्धा निवृत्तीनंतर सहा महिने सकाळी साडेनऊला डबा मागत होतो.

मग सेल मेला. मशीन आपली मांडणी विसरलं आणि कारखान्यातून निघताना होती तशी नवी लाईन धरून उभं राहिलं. आणि विंडोजच्या वहीत नव्या हमालाच्या नावापुढे आकडा होता 3.

आता ही वही. हीच ती रजिस्ट्री. तिच्यात प्रत्येक ड्रायव्हरच्या नावाने एक पान आहे आणि प्रत्येक पानावर 'स्टार्ट' नावाचा एक रकाना. त्यात 0 ते 4 यांपैकी एक आकडा. शून्य म्हणजे सगळ्यांच्या आधी, कोंबड्याच्याही आधी उठणारा. एक म्हणजे त्याच्या पाठोपाठ. दोन म्हणजे आपोआप पण सावकाश. तीन म्हणजे हाक मारली तर येईल. आणि चार म्हणजे सस्पेंड. माझ्या कचेरीत शून्य मिळालेल्या माणसाला कुणी चहासुद्धा विचारत नसे. इथे शून्य म्हणजे मानकरी. असो, प्रत्येक खात्याची रीत.

सकाळी मशीन उठतं तेव्हा पहिली काही पावलं बायोस नावाचा एक म्हातारा हात धरून चालवतो. त्याच्या हाताने वही वाचली जाते आणि ज्यांच्यापुढे शून्य आहे त्या सगळ्या हमालांना डिस्कमधून उचलून आत आणलं जातं. मग म्हातारा हात सोडतो. आता विंडोजने स्वतःच्या पायावर उभं राहून डिस्क गाठायची. नवी लाईन समोर आहे, तिचा हमाल कुठे आहे? तो 'हाक मारली तर येईल' मधला. आणि राहतो कुठे? डिस्कवर! डिस्क उघडायची तर हमाल हवा, हमाल आणायचा तर डिस्क उघडायला हवी. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. विंडोज बिचारी उंबऱ्यावर उभी राहून निळी पडते.

हे गौडबंगाल कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. ज्यांनी विंडोज बनवली त्यांनीच याचं परिपत्रक काढलेलं होतं, क्रमांक 922976. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की विंडोज बसवताना जे ड्रायव्हर कामाचे दिसत नाहीत ते मिटवून ठेवले जातात, त्यामुळे मशीन लवकर सुरू होतं. लवकर! मी निवृत्त माणूस. बटण दाबून मी अंघोळीला जातो. मला कुणी विचारलं असतं, की साहेब, क्षणभर उशीर चालेल का, पण सेल मेला तरी घर उघडेल, तर मी स्टँपपेपरवर लिहून दिलं असतं.

आणि त्या परिपत्रकाचा थाट पाहा. वर म्हणायचं, या वहीत चुकून काही बदललंत तर गंभीर अडचणी येतील. आणि खाली म्हणायचं, आता वही उघडा आणि तिनाचं शून्य करा. म्हणजे 'या विहिरीत उतरू नये, जीव जाईल. उतरण्यासाठी पायऱ्या डावीकडे.'

36 वर्षांचा कारकून या नात्याने मी ती वही नंतर नीट तपासली. माझा शेरा असा. पूर्वी, म्हणजे विंडोजच्या लहानपणी, या नोंदी साध्या मजकुराच्या फायलींत असत. उघडल्या की वाचता येत, चिठ्ठीसारख्या. 1992 साली विंडोज 3.1 मध्ये ही रजिस्ट्री लहानशा रूपात आली आणि 1995 पासून सगळा संसारच तिच्या हाती गेला. ज्या फायलींत ती ठेवतात त्यांना 'हाइव्ह' म्हणतात. हाइव्ह म्हणजे मोहोळ, मधमाश्यांचं! नाव ठेवणाऱ्याने निदान प्रामाणिकपणा दाखवला. आत हात घालणाऱ्याला काय मिळणार ते आधीच सांगून ठेवलं.

या वहीत लिहिण्याच्या खिडकीला 'सेव्ह' नाही. लिहिलं की झालं. 'अन्डू' नाही. खोडलं की गेलं. कुणी बदललं, का बदललं, कुणाच्या आदेशाने बदललं, याचा शेरा नाही, खाली सही नाही. अहो, आमच्याकडे हजेरीपटावर एक लेटमार्क खोडायचा तर तांबडी शाई, आडवी रेघ, आद्याक्षरं आणि वर साहेबांची सही! जुना आकडा खोडल्यावरही वाचता आला पाहिजे, हा रजिस्टरचा पहिला धर्म. इथे तिनावर शून्य लिहिलं की तीन कधी होता याचा मागमूस नाही. असलं रजिस्टर माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते शेरा मारून परत पाठवलं असतं.

पुढे 2012 साली विंडोज 8 आली, तेव्हा तरी सुधारणा झाली असेल म्हणून मी आशेने विचारलं. पुतण्या म्हणाला, सुधारणा झाली. हमालाचं नाव बदललं, आणि त्याच्या पानाखाली आणखी एक पोटपान आलं, 'स्टार्टओव्हरराइड' नावाचं. मुख्य पानावर शून्य असलं आणि पोटपानावर तीन असला, तर चालतं पोटपानाचं. हे मात्र मला लगेच समजलं. मंत्र्याची सही होऊनही शिपाई 'उद्या या' म्हणतो, तेच हे.

तुम्ही म्हणाल, एका आकड्यासाठी केवढा कांगावा! तर एका आकड्याने, एका नोंदीने काय होतं ते ऐका. उत्तर प्रदेशात आझमगडकडे लाल बिहारी नावाचे गृहस्थ आहेत. महसुलाच्या कागदात त्यांना मृत दाखवलं. माणूस कचेरीत धडधडीत उभा, आणि कागद म्हणतो मेला. 1975 ते 1994, अशी 19 वर्षं ते कागदावर मेलेले होते. जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांनी निवडणुका लढवल्या, आपल्यासारख्याच जिवंत मृतांचा संघ काढला, नावापुढे 'मृतक' लावलं. 2003 साली त्यांना इग्नोबेल पुरस्कारही मिळाला. आता त्या 19 वर्षांत कुणी त्यांना 'तुम्ही पुन्हा जन्म घ्या, म्हणजे सगळं स्वच्छ होईल' असं सांगितलं असतं, तर? माझ्या मशीनला बाजाराने तोच सल्ला दिला होता.

असो. पुतण्याने पहिल्यांदा मशीन सुरू होताना डिलीट बटण दाबायला सांगितलं. म्हाताऱ्या बायोसचं दफ्तर उघडलं. त्यात साटा मोड शोधून आयडीई केलं, एफ-10 दाबलं, आणि खिडकीचं चित्र फुललं. निळा पडदा नाही. डाव्या कोपऱ्यात 'आई'. सौ. मागे उभ्या होत्या, त्या काही न बोलता आत गेल्या आणि देवापाशी दिवा लावला. दुपारचे बारा वाजले होते. दिव्याची वेळ नव्हती.

मी म्हणालो, झालं तर मग. पण पुतण्या ऐकेना. "काका, सेल नवा टाका, पण तोही कधीतरी जाईल. तेव्हा मी फोनवर असेन-नसेन. दोन्ही हमाल शून्यावर ठेवू, म्हणजे लाईन कुठलीही येवो, घर उघडेल." आणि मग ते ऐतिहासिक वाक्य: "काका, आता रजिस्ट्री उघडा."

चतुःसीमेचा घोटाळा निस्तरल्यावर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून 'रेजएडिट' लिहिलं. लोकल मशीन, मग सिस्टम, मग करंट कंट्रोल सेट, मग सर्व्हिसेस. सर्व्हिसेस उघडल्यावर जी यादी लागली ती पाहून मला मतदारयादी आठवली. ती यादी उतरत उतरत 'एमएसएएचसीआय' नावाच्या इसमापाशी आलो. उजवीकडे स्टार्ट, आणि त्याच्यापुढे खरोखरच 3. तो 3 मी बराच वेळ पाहिला. एवढासा तर आकडा.

"आधी एक्स्पोर्ट करून नक्कल ठेवा," पुतण्या म्हणाला. या वाक्याने मात्र त्याने माझं मन जिंकलं. आमच्याच घराण्यातला! नक्कल पेनड्राईव्हवर घेतली. आईची फाईल तर तीन पेनड्राईव्हवर घेतली, आणि एक पेनड्राईव्ह रजिस्ट्रीच्या, म्हणजे खऱ्या रजिस्ट्रीच्या, पिशवीत ठेवला. मग तिनावर दोनदा टिचकी मारली, तीन पुसला, शून्य लिहिलं, ओके म्हटलं. हात कापत होता. पुन्हा डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो, नवी लाईन टाकली, डोळे मिटून बटण सोडलं. सुरू! मशीनने स्वतःहून नव्या हमालाची ओळख करून घेतली, एकदा पुन्हा सुरू करू का म्हणून अदबीने विचारलं, आणि कामाला लागलं.

पण माझ्यातला कारकून स्वस्थ बसेना. वहीत शेऱ्याचा रकाना नाही, तर तो मी करीन. पोस्टकार्डाचा तुकडा घेतला, तांबड्या शाईने लिहिलं: 'स्टार्ट 3 खोडून 0 केला. कारण: सेल संपल्यास मशीन उघडावे. नक्कल पेनड्राईव्हवर.' खाली तारीख, सही. तो डब्याच्या आतल्या बाजूला डिंकाने चिकटवला. सौ. म्हणाल्या, "अहो, वर साहेबांची सही?" मी पेन त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सेल आणायला पहिल्याच दुकानात गेलो. मशीन बरोबर नेलं, सेल त्यानेच बसवून द्यावा म्हणून. त्याने डबा उघडला, माझं कार्ड पाहिलं आणि थबकला. "अंकल, ये झीरो का क्या मॅटर है?" मी स्टूल ओढलं आणि त्याला सगळं सांगितलं, छोटी लाईन, मोठी लाईन, हमाल, म्हातारा. पोरगा हुशार निघाला. मधेच म्हणाला, "मतलब विंडो उडाच नही था?" मी म्हणालो, नव्हताच. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने वहीत सगळा पत्ता उतरवून घेतला, लोकल मशीनपासून स्टार्टपर्यंत, आणि सेलचे पैसे घेईना. मी बळंच दिले.

दिवाळीच्या सुमारास त्या रस्त्याने गेलो तेव्हा दुकानावर नवा बोर्ड होता. 'फॉर्मेट 500'. त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: 'बिना फॉर्मेट 700'.